कोळशाच्या खाणीचं मॉडेल करतोय : थर सरळ दाखवायचे की वाकडे?

पाटीपेन्सिल
नमस्कार मंडळी. आठवीच्या मुलांना घेऊन भूमिगत कोळसा खाणीचा उभा छेद दाखवणारं मॉडेल करायचं ठरवलंय. एक गळकी काचपेटी मिळाली आहे. तिच्यात रंगीत वाळू, माती, भुसा यांचे थर लावायचे आणि मधोमध एक काळी पट्टी, असा बेत. पुस्तकातल्या आकृतीत सगळे थर पट्टीनं आखल्यासारखे सरळ आहेत, त्यामुळे काम सोपं वाटलं होतं.
काल एका मुलीनं विचारलं, "बाई, कोळशाच्या अगदी खाली, चिकटून, काय असतं?" मी म्हटलं खडक. "कुठला?" तिथे माझी दांडी उडाली. तेव्हा जाणकारांनी सांगा : कोळशाला लागून वर काय, खाली काय, आणि हे थर खरंच इतके सरळ असतात का?

उगाचच
खाली पाणी असतं आणि पंप नादुरुस्त असतो. वर साहेब असतो. मॉडेल पूर्ण.

गाळकर्ती
पाटीपेन्सिल, त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. प्रश्न अगदी नेमका आहे.
खालून सुरुवात करू. कोळसा म्हणजे दलदलीत साचलेला पालापाचोळा, लाकूड, साली. दलदल वाढायला आधी झाडांना पाय रोवायला माती हवी. ती माती अजून तिथेच असते. कोळशाखाली राखाडी, थर नसलेली, हातात भुगा होणारी चिकणमाती लागते आणि तिच्यात मुळांचे ठसे असतात. लोगन नावाच्या भूवैज्ञानिकानं १८४० च्या सुमारास साउथ वेल्समध्ये दाखवून दिलं, की तिथल्या एकामागून एक कोळसाथरांखाली अशी मुळांची माती आहे. म्हणजे कोळसा तिथेच उगवलेल्या झाडांचा. झाडांनी त्या मातीतली क्षारद्रव्यं शोषून घेतल्यामुळे तिच्यातल्या काही जाती भट्टीच्या विटांना उत्तम. काही खाणींत कोळशाबरोबर ही मातीही काढत.
त्यावर कोळसा. पीट, म्हणजे दलदलीतला तो अर्धवट कुजलेला पालापाचोळा, दाबला जाऊन कोळसा होताना साधारण दहाला एक असा आटतो, असा एक ढोबळ हिशेब सांगतात. वर्षाला मिलिमीटरभर पीट साचतो असं धरलं, तर मीटरभर कोळशामागे दहा हजार वर्षांची दलदल.
आणि वर? दलदल ज्यानं बुडवली ते. शांत पाणी चढलं असेल तर बारीक गाळाचा शेल, त्याच्या पानापानांत वनस्पतींचे ठसे. समुद्र आला असेल तर काळा शेल किंवा चुनखडी, शिंपल्यांसकट. नदी फुटून आली असेल तर वाळू, म्हणजे आजचा वालुकाश्म. मग पुन्हा जमीन वर, पुन्हा माती, पुन्हा दलदल. असे फेरे एकाच खोऱ्यात डझनांनी होतात.

वाचकमात्र
वाचनखूण साठवली.

तर्कट
गाळकर्ती, सगळ्या कोळशाला एकच जन्मकथा लावू नका. तुमचं वर्णन युरोप-अमेरिकेतल्या, कार्बोनिफेरस कालखंडातल्या कोळशाचं आहे. गोंडवन या प्राचीन खंडातल्या, म्हणजे आजच्या भारत, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया इथल्या, नंतरच्या पर्मियन कालखंडातल्या कोळशाखाली पुष्कळदा मुळांची माती नसतेच. थेट शेल नाहीतर वालुकाश्म. म्हणून तर झाडोरा वाहून येऊन साचला, असं म्हणणारे अभ्यासक होते आणि आहेत.

गाळकर्ती
मान्य, पण अर्धंच. ग्लॉसोप्टेरिस या तिथल्या तेव्हाच्या झाडाची मुळं, ज्यांना व्हर्टेब्रारिया म्हणतात, ती गोंडवनातही जागच्या जागी उभी सापडली आहेत. काही थर जागचे, काही वाहून आलेले, आणि एकाच थरात दोन्ही. मुलांच्या मॉडेलसाठी मी मुळंवाली माती दाखवेन.

तर्कट
दाखवा. पण खाली चिठ्ठी लावा, "नेहमी नाही".

जुना_ओव्हरमन
बाई, मी पस्तीस वर्षं खाली होतो. खाली काय आहे हे विचारणारी पोर हुशार आहे, पण आम्ही वर बघून जगलो. खाणीत उतरल्यावर माणूस पहिल्यांदा छताकडे बघतो, मग दुसरीकडे. तुमच्या मॉडेलमध्ये कोळशावरची पहिली हातभर जाडी नीट करा. त्यावरचे तीनशे मीटर कसेही भरले तरी चालतील.
छत वाजवायचं कसं ते सांगतो. लोखंडी सळईनं ठोकायचं आणि दुसऱ्या हाताची बोटं छताला टेकवून ठेवायची. टण्ण वाजलं आणि बोटांना काही कळलं नाही, तर छत अखंड. भद्द वाजलं, किंवा बोटांना थरथर लागली, तर वरचा पापुद्रा सुटलाय. कानाला फसवणारी छतं असतात, बोटांना फसवणारी कमी. मोठी शीट सुटली असेल तर मात्र तिचाही आवाज कधी कधी टण्ण येतो, म्हणून नुसत्या वाजवण्यावर विसंबून राहिलेला मी एक बघितलाय. पाय पंजापासून गेला त्याचा.

बोगदेवाला
काका, मी बोगद्यांच्या कामात आहे. आमच्याकडे साधा हिशेब : वालुकाश्म असला की निर्धास्त, शेल आला की बोल्ट वाढवा. खाणीतही तेच असणार ना? खडक जितका मजबूत तितकं छत चांगलं.

जुना_ओव्हरमन
नाही. बोगदा तुम्ही कायम ठेवण्यासाठी खणता. आम्ही पिलर, म्हणजे छताला टेकू म्हणून सोडलेले कोळशाचे खांब, काढत मागे येतो आणि मागचं छत पडावं अशीच आमची इच्छा असते. शेलचं छत थोडं थोडं पडत राहतं. कटकट आहे, पण प्रामाणिक. जाड वालुकाश्म पडतच नाही. गोफ, म्हणजे कोळसा काढून झालेली मागची पोकळी, मोकळा वाढत जातो, छत टांगलेलं. एक दिवस सगळं एकदम येतं आणि खालची हवा तोफेसारखी गॅलरीतून, म्हणजे खाणीतल्या बोगद्यातून, सुटते. दगड न लागता हवेनं उचलून आपटलेली माणसं असतात. शांत छताची आम्हाला जास्त भीती.

गाळकर्ती
+१. बोगदेवाला, आणखी एक गंमत. भारतीय कोळसा खाणींत छताला गुण देण्याची जी पद्धत वापरतात, तिच्यात शंभरपैकी खडकाच्या ताकदीला फक्त १५ गुण आहेत. थराच्या जाडीला ३०, चिरा-फटी अशा रचनेला २५, पाण्या-हवेनं झिजण्याला २० आणि झिरपणाऱ्या पाण्याला १०. दगड किती कठीण यापेक्षा तो किती जाडीच्या पानांत सुटतो, हे दुप्पट महत्त्वाचं. कठीण दगडाची पातळ पानं म्हणजे पत्त्यांची गड्डी.

बोगदेवाला
हे माहीत नव्हतं. शब्द मागे. (पूर्ण नाही, अर्धे.)

मधूनमधून
झिजण्याचं नीट कळलं नाही. बंद खाणीत दगड झिजेल कशानं?

जुना_ओव्हरमन
वरून येणाऱ्या हवेनं. दमट हवा आत आली की शेल ती पितो. फुगतो, मग पापुद्रे. सकाळी गुळगुळीत बघितलेलं छत आठ दिवसांत खवले धरतं. म्हणून कित्येक ठिकाणी कोळसा पूर्ण वरपर्यंत काढत नाहीत, वीतभर छतालाच ठेवतात. तेवढा कोळसा सोडला म्हणून नवीन आलेले साहेब ओरडतात. तो कोळसा म्हणजे शेलला घातलेली छत्री आहे.
आणि खालची ती मुळांची माती, तिचं वेगळंच. तिला पाणी लागलं की ती वर येते. रूळ ठेवलेली गॅलरी महिन्याभरात कमानीसारखी फुगलेली बघितली आहे. छत खाली आलं असं वाटतं, पण आलेला असतो तळ.

उगाचच
म्हणजे वरचा पाणी पितो, खालचा पाणी पितो आणि मधला काळा पडतो. हे कार्यालयाचं वर्णन आहे की खाणीचं?

नीलपर्ण
छताचा विषय निघालाच आहे तर उभ्या झाडांबद्दल कुणी का बोलत नाहीये? मला आयुष्यात एकदाच खाणीच्या छतात झाड बघायला मिळालं. म्हणजे झाडाचं बूड, खालून. परातीएवढं गोल, कडेनं बोटाच्या नखाएवढी चकचकीत काळी किनार. साल कोळसा झालेली आणि आतलं लाकूड कुजून तिथे गाळ भरलेला. बॅटरीचा उजेड त्या किनारीवर फिरवला की आरशासारखी लकाकते. माझ्याबरोबरच्या माणसानं मला दंडाला धरून बाजूला ओढलं तेव्हा कळलं, की हे कौतुकानं खाली उभं राहून बघायचं प्रकरण नाही.

गाळकर्ती
दलदल भरभर गाळात बुडाली की झाडं उभ्याउभ्या गाडली जातात. खोडाचा साचा खाली रुंद, वर निमुळता, आणि सभोवती गुळगुळीत कोळशाची साल. खालचा कोळसा काढला की त्याला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. बाटलीचं बूच उलटं धरल्यासारखा तो सरळ खाली येतो. काही तर टनाच्या वर भरतात. आधी करकर नाही, माती गळणं नाही. इंग्रजी बोलणारे खाणकामगार त्याला किटलीचं बूड म्हणत.
याचीच सुखद बाजू : अमेरिकेत इलिनॉयमधल्या खाणींच्या छतात तीस कोटी वर्षांपूर्वीचं अख्खं जंगल सापडलं, सुमारे हजार हेक्टर. अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. भूकंपानं जमीन खचून ते बुडालं असावं, असं अभ्यासकांचं मत. गॅलरीतून चालत जायचं, डोक्यावर झाडोरा, तोही खालून बघायचा. कॅनडात जॉगिन्सच्या कड्यात अशाच उभ्या पोकळ खोडांत लायेल आणि डॉसन या भूवैज्ञानिकांना १८५२ मध्ये चतुष्पाद प्राण्यांची हाडं मिळाली. आज ती जागा जागतिक वारसा यादीत आहे.

मधूनमधून
अंगावर काटा आला. झोपताना छताकडे बघणार नाही.

पाटीपेन्सिल
बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. मुळं, छत, झाडाचं बूड, सगळं टिपून घेतलं. पण मंडळी, सरळ की वाकडे हे राहिलंच.

जुना_ओव्हरमन
वाकडे. उतार तर असतोच, आम्ही दिशाच "डिप" (उताराकडे) आणि "राइज" (चढाकडे) अशा सांगतो. पूर्व-पश्चिम कोण बघतो? पण नुसता उतारही नाही. एक प्रसंग सांगतो. गॅलरी पुढे चालली होती, अडीच मीटर कोळसा, छान. एका पाळीत ड्रिल लावलं तर ठिणग्या. छतातून वालुकाश्म पोटासारखा खाली उतरलेला. पुढच्या फेऱ्यात कोळसा दीड मीटर. त्याच्या पुढे हातभर. मग फक्त दगड. नकाशावर तिथे कोळसा रंगवलेला होता! वीस-पंचवीस मीटर दगड फोडला तेव्हा पलीकडे पुन्हा कोळसा लागला, जणू काही झालंच नाही.

गाळकर्ती
ती नदी होती, काका. पीट साचल्यावर तिच्यातून वाहणाऱ्या नदीनं पात्र कोरलं, पीट वाहून नेला आणि पात्रात वाळू भरली. तुम्ही नदी ओलांडलीत.
अशा पात्रांची कड आणखी वाईट असते. वाळू फारशी दबत नाही, शेजारचा चिखल आणि पीट खूप दबतात. त्यामुळे कडेला थर वाकून घसरतात आणि तिथे आरशासारख्या गुळगुळीत तिरक्या चिरा पडतात.

जुना_ओव्हरमन
स्लिप. आमच्याकडे त्याला स्लिप म्हणतात. दोन स्लिपा वर एकमेकींना मिळाल्या की मधला दगड घराच्या कौलासारखा सुटतो. नदीचं आज कळलं. इतकी वर्षं नुसत्या शिव्या घातल्या.

तर्कट
मग हे आधी का कळत नाही? वरून बोअर, म्हणजे तपासणीची भोकं, घेतात ना?

बोगदेवाला
याचं उत्तर मी देऊ शकतो. बोअरमधून निघणारा गाभा मनगटाएवढा. दोन बोअरमध्ये अंतर काहीशे मीटर. मधलं सगळं माणूस पेन्सिलीनं जोडतो. पंचवीस मीटरची नदी किंवा दोन मीटरचा भ्रंश (थर तुटून वरखाली सरकलेली जागा) त्या फटीतून आरामात निसटतो. शंभर मीटरचा भ्रंश नकाशावर दिसतो, दोन मीटरचा डोक्यावर पडल्यावर. आणि आकृतीतल्या सरळ रेषा? त्या याच पेन्सिलीच्या, पाटीपेन्सिल ताई.

तर्कट
मग जास्त बोअर घ्या.

बोगदेवाला
प्रत्येक बोअर म्हणजे वरच्या पाण्याला खाली यायला नळी. सिमेंटनं नीट बुजवली नाही तर तुम्हीच खाणीला भोक पाडलेलं असतं.

उगाचच
भोकानं माणसं वाचलीही आहेत हो. १९८९ च्या नोव्हेंबरात राणीगंजच्या महावीर खाणीत पाणी शिरलं, तेव्हा वरून बोअर मारून पोलादी कॅप्सूल सोडली होती. खाण अभियंता जसवंतसिंग गिल स्वतः खाली उतरले आणि एकेक करून ६५ जण वर आले. (बघा, मलाही गंभीर लिहिता येतं.)

मधूनमधून
आयडी हॅक झालाय का?

जुना_ओव्हरमन
पाण्यावरून एक. बाई, मॉडेलमध्ये एक थर तुम्ही नक्की विसराल. जुनी खाण. आधीच्या लोकांनी खणून सोडून दिलेली, पाण्यानं भरलेली पोकळी. कुठल्याही दगडाइतकीच खरी. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळ चासनाळ्याच्या खाणीत वरच्या जुन्या कामातलं पाणी फुटलं आणि ३७५ माणसं गेली. आमच्या पिढीत ती तारीख सांगावी लागत नसे.

गाळकर्ती
अमेरिकेत २००२ मध्ये क्यूक्रीक खाणीत तेच, शेजारच्या जुन्या खाणीचा शेवटचा नकाशा हाताशी नव्हता. तिथे अडकलेले नऊही जण वाचले, तेही बोअरमधूनच.

तर्कट
अग्निजन्य खडक कुणीच काढला नाही. गाळाच्या थरांना छेदत शिलारस घुसतो, त्या भिंती म्हणजे डाईक. थरांच्या मधून आडवा पसरतो तो सिल. दोन्हीच्या शेजारचा कोळसा भाजून निघतो. झरियात त्याला झामा म्हणतात, निसर्गानं केलेला कोक. आणि ओव्हरमन काकांच्या टांगलेल्या छताचा सर्वांत टोकाचा नमुना डोलेराइट या कठीण अग्निजन्य खडकाच्या सिलखाली मिळतो. दक्षिण आफ्रिकेत कोलब्रुक खाणीत २१ जानेवारी १९६० रोजी पिलर एकामागून एक चिरडले आणि ४३५ माणसं आत राहिली. वर डोलेराइटचा जाड थर होता. तो भार पेलत होता तोवर खालच्या बारीक पिलरांचं खोटं बळ उघडं पडलं नाही.

बोगदेवाला
त्यातूनच सॅलामन आणि मन्रो यांचं १९६७ चं पिलरचं सूत्र आलं. ९८ टिकलेली आणि २७ कोसळलेली कामं तपासून. आमच्या अभ्यासक्रमात सूत्र होतं, कोलब्रुक नव्हतं.

गाळकर्ती
अवांतर, पण थोडंच. थर वाचायला ज्यानं जगाला शिकवलं तो विल्यम स्मिथ इंग्लंडमधल्या सॉमरसेटच्या कोळसा खाणीतच शिकला, १७९० च्या दशकात. त्यानं पाहिलं, की वरची लाल माती जवळजवळ आडवी आहे आणि तिच्याखालचे कोळशाचे थर तिरपे. म्हणजे खालचे आधी कलले, झिजले, मग वर लाल थर बसला. १८१५ चा त्याचा प्रसिद्ध भूवैज्ञानिक नकाशा या निरीक्षणांच्या पायावर उभा राहिला. पाटीपेन्सिल, एवढी एकच युक्ती करा : पेटी कलती ठेवून खालचे थर भरा, मग सरळ करून वरचा भरा. मुलांच्या डोळ्यांदेखत दोन काळ दिसतील.

वाचकमात्र
ही कल्पना भारी आहे. (हो, मी लिहितोही.)

पाटीपेन्सिल
आठ दिवसांनी येतेय. मॉडेल झालं. पेटी कलती ठेवली. खाली मुळांसाठी नारळाच्या शेंड्यांचे धागे घातलेली राखाडी माती, त्यावर काजळी लावलेला ओला भुसा. भुशातून चमच्यानं एक चर काढला आणि त्यात वाळू ठासली, ही काकांची नदी. वर मातीचा थर. मग पेटी सरळ करून लाल माती. झाडाचं बूड म्हणून मेणबत्तीचा तुकडा उभा रोवलाय. तर्कट यांची "नेहमी नाही" ही चिठ्ठीही आहे. वर एका कोपऱ्यात निळ्या पाण्याची पिशवी, जुनी खाण.
मग मुलांनी वर विटा ठेवल्या आणि दोन दिवस तशाच राहिल्या. सोमवारी बघतो तर भुसा बराच खाली बसलेला, नदी मात्र जिथल्या तिथे, टेकडीसारखी. आणि तिच्या डाव्या कडेला मातीत काचेला लागून एक तिरकी भेग. त्याच मुलीनं बोट ठेवलं, "बाई, ही आपण नाही केली."

गाळकर्ती
हात लावू नका तिला!! फोटो टाका.

जुना_ओव्हरमन
स्लिप आहे ती. उजव्या कडेलाही बघा, तिथेही असणार. असली तर विटा उतरवा आणि मग गॅलरी नदीपासून लांब काढा. मेणबत्तीच्या खालून तर अजिबात नको.

पाटीपेन्सिल
उजवीकडेही आहे, काका. बारीक. गॅलरी आधीच मेणबत्तीखालून काढलीय हो.

उगाचच
टेकू लावा, टेकू.